मिक्समध्ये हरवलेलं कडवं

अगं, आधी तो मोबाईल जरा खाली ठेव आणि शांतपणे ऐक. तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, सोबतची क्लिपही चार वेळा लावून बघितली. १४ एप्रिलची, जयंतीची रात्र, भडकल गेटला बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळची गर्दी, समोर डीजेची गाडी आणि त्या दणदणाटात मधेच एक ओळ येऊन जाते. घरी आजींनी ती ओळ ऐकली आणि म्हणाल्या, "हे आमच्या वेळचं गाणं, मला पूर्ण ऐकव." तेव्हापासून तू शाझाम अॅपसमोर क्लिप वाजवतेयस आणि अॅप काही नाव सांगत नाही. खरं सांगू का, यात तुझं काहीच चुकत नाहीये. अॅपही बिघडलेलं नाही. ते काम कसं करतं तेवढं समजून घे, पुढचं तू नीट करशील.

शाझाम २००२ साली इंग्लंडमध्ये सुरू झालं, तेव्हा लोक २५८० नंबर लावून फोन गाण्यासमोर धरायचे आणि गाण्याचं नाव एसएमएसने यायचं. आज अॅप आलं, तरी पद्धत तीच आहे. गाण्यातले सगळ्यात ठळक आवाज ते ठिपक्यांसारखे टिपतं: कुठला ठिपका किती वर, आणि दोन ठिपक्यांमध्ये किती वेळ गेला. मग ती नक्षी आपल्या साठ्यातल्या नक्ष्यांशी ताडून बघतं. आपण ठिपक्यांची रांगोळी काढतो ना, तसंच. आजूबाजूला थोडा गोंगाट असला तरी चालतं, पण ठिपक्यांमधलं अंतर बदललं की रांगोळी जुळत नाही. आणि डीजे नेमकं तेच करतो गं. गाणं पळवतो, त्यावर हलगी किंवा ढोल चढवतो, दुसऱ्या गाण्याचा ठेका खाली सरकवतो. दोन रांगोळ्या एकावर एक काढल्या तर कुणाला ओळखू येणार?

म्हणून पहिलं काम, क्लिपमधला सगळ्यात स्वच्छ तुकडा शोध. जिथे ढोल थांबतो आणि नुसता आवाज किंवा बँजो, हार्मोनियम ऐकू येते, असे पंधरा-वीस सेकंद कापून घे. अख्खं मिक्स अॅपला ऐकवत बसू नकोस. पुढच्या वेळी रेकॉर्डिंग स्पीकरच्या भिंतीसमोरून करू नकोस, बाई. मोबाईलचा माइक तेवढा आवाज पेलत नाही, सगळं फाटून येतं, आणि कानांनाही ते बरं नाही. गाडी जरा पुढे गेली की बाजूच्या गल्लीत उभी राहून कर, शब्द कितीतरी स्पष्ट येतात.

दुसरं काम वेगाचं. गायकाचा आवाज नेहमीपेक्षा पातळ, लहान मुलासारखा लागतोय का बघ. तसं असेल तर डीजेने वेग आणि पट्टी दोन्ही चढवली आहेत. लॅपटॉपवर ऑडॅसिटी नावाचं मोफत सॉफ्टवेअर घे, त्यातल्या 'चेंज स्पीड अँड पिच'ने दोन्ही एकदम उतरतात. आवाज नेहमीसारखाच आहे पण गाणं नुसतं धावतंय, तर 'चेंज टेम्पो' वापर. एकदम ओढू नकोस, तीन टक्के, सहा टक्के, नऊ टक्के असं खाली आणत प्रत्येक वेळी शाझामला ऐकव. आणि बघ, दहा टक्के वाढवलेलं गाणं मूळ वेगावर आणायला साधारण नऊच टक्के कमी करावं लागतं. मिनिटाला १०० ठोक्यांचं गाणं ११० वर नेलं असेल, तर ११० मधून दहाच कमी करायचे आहेत.

एवढं करूनही नाव आलं नाही, तर आजीला बोलाव. गुगलच्या अॅपमध्ये माइकवर बोट ठेवलंस की गाणं शोधायची सोय आहे, २०२० मध्ये आलेली. दहा-पंधरा सेकंद नुसतं गुणगुणायचं. ते वाद्यं, ठेका, आवाजाचा पोत सगळं बाजूला ठेवून फक्त चाल धरतं. इथे मात्र एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाहीतर आजी नाराज होतील. आपल्याकडची कितीतरी भीमगीतं आणि लोकगीतं त्या त्या काळातल्या गाजलेल्या सिनेमाच्या चालींवर बांधलेली आहेत. त्यामुळे गुणगुणल्यावर एखादं जुनं हिंदी गाणं समोर येऊ शकतं. ते चुकलं असं समजू नकोस. चाल सापडली, आता शब्द शोधायचे.

शब्दांसाठी आजीसारखं दुसरं कुणी नाही. त्यांच्याजवळ वही घेऊन बस, आठवेल ते जसंच्या तसं लिहून घे. त्यातला सहसा न येणारा एखादा शब्द निवड आणि तो शब्द असलेली ओळ अवतरणचिन्हांत घालून शोध. एकदा देवनागरीत आणि एकदा इंग्रजी अक्षरांत, कारण यूट्यूबवर टाकणारे बरेचदा नाव इंग्रजी अक्षरांत लिहितात. डीजेलाही विचार गं, लाजतेस कशाला? गाडीच्या बॅनरवर त्याचं नाव असतं, मिक्समध्येही मधून मधून पुकारलं जातं. फक्त "गाणं कुठलं?" असं विचारू नकोस, "फाईलचं नाव काय?" असं विचार. त्याच्या स्क्रीनवर तेच दिसत असतं, आणि त्यात बहुतेकदा मुखड्याचे पहिले दोन शब्द सापडतात. परदेशातल्या मोठ्या डीजेंच्या मिक्समधली गाणी चाहते ओळीने लिहून ठेवतात. आपल्या मिरवणुकीतल्या मिक्सची यादी कुणी करत नाही, ती आपल्यालाच करावी लागते.

आता मला खरं सांगायचंय ते ऐक. नाव सापडलं की तिथे थांबू नकोस. पाच-सहा वर्षांपूर्वी आमच्या सिडको वसाहतीतल्या एका कार्यक्रमात सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. एका गाण्याआधी मी स्क्रीनवर दिसलेलं नाव गीतकार म्हणून जाहीर केलं. ते रिमिक्स करणाऱ्याचं नाव होतं. कार्यक्रम संपल्यावर पहिल्या रांगेतले एक काका जवळ आले. रागावले नाहीत. त्यांनी हळू आवाजात त्या गाण्याचं शेवटचं कडवं म्हटलं, आणि त्यात कवीचं नाव होतं. मला फार वाईट वाटलं. ज्याने ते लिहिलं, त्याचं नाव माझ्या तोंडून यायला हवं होतं.

आपल्या गाण्यांची रीतच ती आहे बघ. अभंगात "तुका म्हणे" येतं, तसं भीमगीतांत कवी बरेचदा शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतो. वामनदादा कर्डक १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले आणि २००४ मध्ये गेले. गावोगाव फिरून त्यांनी बाबासाहेबांचा विचार गाण्यांतून पोहोचवला. त्यांच्या कितीतरी गाण्यांच्या शेवटी "वामन" येतं. डीजेचं मिक्स मात्र मुखडा घेतं, फार तर एक कडवं घेतं आणि पुढच्या गाण्यावर जातं. शेवटचं कडवं कापलं की कवीचं नाव जातं. अॅपही तुला रिमिक्सचं किंवा अल्बमचं नाव देईल, कवीचं देईलच असं नाही. ते तुला पूर्ण गाणं ऐकूनच मिळेल.

तेव्हा असं कर. रविवारी दुपारी, घर शांत असताना, आजीला शेजारी बसव. सापडलेलं गाणं शेवटापर्यंत लाव, मधे बंद करू नकोस. शेवटच्या कडव्याला पेन हातात ठेव. नाव आलं की गाणं, गायक, कवी अशी तिन्ही नावं वहीत लिही. आणि जयंतीचा तो व्हिडिओ स्टेटसला ठेवशील तेव्हा खाली कवीचं नाव टाक. तुला हे जमेल, मला खात्री आहे. कुठे अडलीस तर रात्री कितीही वाजता फोन कर. आजींना माझा जय भीम सांग.