एका फोटोत न मावणारे सरोवर

घरातली परात घ्या. तिच्या काठावर एक मुंगी ठेवा. त्या मुंगीच्या जागी आपणच उभे आहोत असे समजा. समोर परातीचा पलीकडचा काठ दिसेल. डावीकडे पाहिले तर तोच काठ वळत वळत आपल्या डाव्या खांद्यापर्यंत येईल. उजवीकडे पाहिले तर उजव्या खांद्यापर्यंत येईल. म्हणजे सगळी परात पाहायची तर नुसते समोर पाहून भागत नाही. मान फिरवावी लागते.

अशीच एक फार मोठी परात आपल्या महाराष्ट्रात आहे. बुलढाणा जिल्ह्यात लोणार नावाचे गाव आहे. त्या गावाला लागूनच जमिनीत एक प्रचंड गोल खळगा आहे. या काठापासून समोरच्या काठापर्यंत सरळ अंतर सुमारे १ किलोमीटर ८०० मीटर भरते. खळगा सुमारे १३५ मीटर खोल आहे. ऐंशी माणसे एकाच्या डोक्यावर एक अशी उभी केली, तर तेवढी उंची होईल! तळाशी पाणी आहे. तेच लोणारचे सरोवर.

हा खळगा झाला कसा? गावात एक कथा सांगतात. लवणासुर नावाचा दैत्य येथे राहत असे. विष्णूने त्याला मारले. गावात दैत्यसूदनाचे सुंदर देऊळ आहे, ते त्याच कथेचे. शास्त्रज्ञांनी दुसऱ्या बाजूने शोध केला. येथला खडक काळा, ज्वालामुखीच्या रसाचा बनलेला. म्हणून काही जणांना वाटे की हे ज्वालामुखीचे तोंड असावे. पण तळातले खडक काढून तपासले, तेव्हा त्यांत काचेसारखे झालेले कण सापडले. अतिशय मोठा दणका बसल्याशिवाय खडकाचे असे होत नाही. हा अभ्यास १९७३ साली प्रसिद्ध झाला. आकाशातून एक मोठी उल्का येथे आदळली आणि हा खळगा पडला, असे आता मानतात.

या सरोवराचे चित्र वर्गात लावावे, असे एका शाळेच्या भूगोलाच्या गुरुजींनी ठरवले. त्यासाठी नववीच्या मुलामुलींची सहल लोणारला निघाली. आम्हीही त्यांच्याबरोबर गेलो.

सकाळची वेळ होती. गावाच्या बाजूच्या काठावर सगळे उभे राहिले. एका मुलाने लगेच फोटो काढला. पाहतो तो काय, मधले पाणी आले आणि समोरचा थोडा काठ आला. दोन्ही बाजूंची झाडी राहूनच गेली.

"गुरुजी, मागे सरकून काढू का?" तो म्हणाला.

"सरकून बघ," गुरुजी म्हणाले.

तो दहा पावले मागे गेला. आता तर पाणीच दिसेना! काठाचा उंचवटा आड आला.

मग गुरुजींनी रीत सांगितली. "डोळ्याला जे एका दमात दिसत नाही, ते तुकड्यातुकड्याने घ्यायचे आणि मग सांधायचे. गोधडी शिवताना आई काय करते? एक तुकडा दुसऱ्यावर थोडा चढवते, मग टाका घालते. तसेच करायचे."

त्यांनी सांगितलेले नियम असे:

१. उभे राहण्याची जागा बदलायची नाही. पाय तेथेच ठेवून अंग फिरवायचे.

२. कॅमेरा उभा धरायचा. हाताची कोपरे अंगाला टेकवायची. कॅमेरा वरखाली होऊ द्यायचा नाही.

३. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा तिसरा हिस्सा पुन्हा आला पाहिजे. एखादे झाड किंवा खडक खूण म्हणून धरायचा. ती खूण दोन्ही फोटोंत दिसली पाहिजे.

४. सूर्य पाठीशी असावा. सगळे फोटो लागोपाठ काढावे. मध्ये वेळ गेला तर ढग सरकतात, ऊन बदलते, मग तुकडे जुळत नाहीत.

५. मध्येच कोणी चालत असेल तर थांबावे. नाहीतर तोच माणूस चित्रात दोन ठिकाणी दिसतो!

आजच्या पुष्कळ मोबाइलमध्ये अशी सोय असते की आपण हात फिरवला की मोबाइल आपोआप सांधा जुळवतो. पण सांधा जुळतो कसा हे कळावे, म्हणून गुरुजींनी हे काम हातानेच करायला लावले.

डावीकडून काम सुरू झाले. पहिला फोटो झाला, दुसरा झाला. तिसऱ्या फोटोच्या वेळी कॅमेरा धरलेली मुलगी थांबली. समोरच काठाच्या उतारावर प्लॅस्टिकच्या पिशव्या, रिकाम्या बाटल्या आणि खाऊची पाकिटे पडली होती.

"गुरुजी, हा तुकडा सोडून देऊ या. सगळे चित्र घाण दिसेल," ती म्हणाली.

जवळच एक आजी बोरे विकायला बसल्या होत्या. त्यांनी विचारले, "काय करून राहिले पोरांनो?"

"आजी, सरोवराचा फोटो काढतोय. पण इथे कचरा आहे ना!"

"मग हे बी घ्या ना, पोरी. झाकल्यानं का नाहीसं होते ते?"

मुलगी गप्प झाली. गुरुजी म्हणाले, "बरे, तिसरा सोड. चौथा काढ. आता दुसरा आणि चौथा शेजारी ठेवून बघ, जुळतात का?"

तिने पाहिले. दुसऱ्या फोटोतले शेवटचे झाड चौथ्या फोटोत कोठेच नव्हते. सांधा बसेना. चित्राला मधोमध भोक पडले.

"हेच लक्षात ठेवा," गुरुजी म्हणाले. "सुट्या फोटोत आपण नको ते गाळू शकतो. सांधलेल्या चित्रात गाळता येत नाही. जे नको म्हणून सोडाल, तेथेच भोक पडेल."

मुलीने मागे वळून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सात फोटो झाले. तिसऱ्यात कचरा स्पष्ट आला. मग मुलांनी आजींकडून एक पोते मागून घेतले आणि कचरा भरला. तिसरा फोटो त्याच जागेवरून आणखी एकदा काढला. आता वर्गात लांब पुठ्ठ्यावर सात फोटो चिकटवले आहेत आणि खाली तिसऱ्याची दुसरी प्रत लावली आहे. एक आधीची, एक नंतरची. पुठ्ठ्याच्या मागे जागा, तारीख, वेळ आणि तोंड कोणत्या दिशेला होते, हे लिहिले आहे.

तारीख लिहिण्याला फार महत्त्व आहे. लोणारचेच उदाहरण पाहा. या सरोवराचे पाणी खारे आणि सोड्यासारखे आहे. एरवी ते हिरवट दिसते. जून २०२० मध्ये ते एकाएकी गुलाबी झाले. कोणी काही म्हणे, कोणी काही. पण मे आणि जून महिन्यांची उपग्रहाने घेतलेली चित्रे शेजारी ठेवली, तेव्हा बदल केव्हा झाला ते कळले. पुण्याच्या आघारकर संस्थेत पाणी तपासले. पाणी आटून खारेपणा वाढला होता. त्यामुळे खाऱ्या पाण्यात वाढणारे, डोळ्यांना न दिसणारे जीव वाढले होते. त्यांचाच तो गुलाबी रंग. पुढे रंग पुन्हा पालटला. त्याच वर्षी लोणार सरोवराला रामसर यादीत स्थान मिळाले. जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची ही यादी आहे.

असे हे नाजूक पाणी आहे. गावाचे सांडपाणी किंवा शेतातले खत त्यात उतरले, तर त्याचा गुण बदलतो. म्हणून त्याच्यावर नजर ठेवावी लागते.

आपल्या गावात लोणार नसेल. पण तलाव असेल, ओढा असेल, गायरान असेल, टेकडी असेल. "पूर्वी तलाव येथपर्यंत भरे," असे आपण म्हणतो. दुसरा म्हणतो, "छे, तेथपर्यंत कधी नव्हता!" वाद होतो आणि तेथेच राहतो. त्याऐवजी एक दगड ठरवा. दरवर्षी पोळ्याच्या दिवशी त्याच दगडावर उभे राहून डावीकडून उजवीकडे फोटो काढा. मागे तारीख लिहा. लिहिता तर आता आपल्याला येतेच! पाचसहा वर्षांची चित्रे एका भिंतीवर लावा. गाळ किती साचला, झाडे किती तुटली, गायरानात कोण किती पुढे सरकला, हे सगळ्यांना दिसेल. ग्रामसभेत बोलताना हातात काहीतरी असेल.

मात्र कोणताही तुकडा गाळू नका. आपल्या घरासमोरचा उकिरडासुद्धा!

सांगा पाहू

१. लोणारचे सरोवर एका फोटोत का मावत नाही?

२. एका फोटोचा थोडा भाग दुसऱ्या फोटोत का यावा लागतो?

३. आजी काय म्हणाल्या? ते आपल्याला पटते का?

४. आपल्या गावात कोणत्या जागेचे चित्र दरवर्षी काढावे? कोठे उभे राहून काढाल? चार ओळी लिहा.