आधी मोजणी, मग समेट

कांदा आणि बाजरी पिकवणारं आमचं घर नगर जिल्ह्यातलं. गावच्या ख्रिस्ती मंडळीत मी बऱ्याच वर्षांपासून पंच आहे. बायबलच्या ८५व्या स्तोत्रात नीतिमत्त्व आणि शांती यांची गळाभेट आहे. आमच्या प्रार्थनांत शांतीची मागणी भरपूर असते, नीतिमत्त्वाबद्दल कमी बोललं जातं. पंचकीत जे पाहिलं त्यावरून सांगतो, नीतिमत्त्वावाचून शांती येत नाही.

१. मजुरी अडकवायची नाही.

कांदा काढायला येणाऱ्या बायकांचे पैसे आठवडे बाजाराच्या आधी त्यांच्या हातात पडले पाहिजेत. मजुराची मजुरी रात्रभर ठेवून घेऊ नये, असं लेवीय पुस्तकाच्या १९व्या अध्यायात आहे. आडत्याकडून पट्टी आली नाही, ही माझी अडचण. त्यांची नाही.

२. वरचा कांदा तोच खालचा.

गोणीच्या तोंडाशी मोठा माल आणि पोटात गोल्टी-चिंगळी, ही युक्ती सगळ्यांना माहीत आहे. 'व्यापारी आपल्याला लुटतात, मग आपण का नको?' हे समर्थनही तयार असतं. त्या लुटीचा मला राग आहे. भाव पडला की घरात काय होतं ते मी पाहिलंय. पण अनुवाद या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात पिशवीत दोन प्रकारची वजनं ठेवायला मनाई आहे, आणि आधी फसवल्या गेलेल्याला त्यातून सूट नाही. आम्ही प्रतवारी करून माल वेगळा भरतो. भावासाठी भांडायचं ते लिलावात, उघड.

३. ज्याचं गेलं त्यालाच गप्प बसवू नये.

मला सर्वांत जास्त सांगायचं आहे ते हे. मंडळीतल्या दोन भावांत बांधाचा वाद होता. थोरला दर नांगरटीला बांध थोडा थोडा कोरायचा. धाकट्याने तक्रार केली की घरात आणि चर्चमध्ये त्यालाच सांगितलं जाई, 'तू ख्रिस्ती आहेस ना? क्षमा कर, सोडून दे.' तो प्रभुभोजनाला येईनासा झाला. मग त्याच्या मनात कटुता आहे, अशी चर्चा सुरू झाली. शास्त्राचा याहून वाईट वापर मी पाहिलेला नाही. शेजाऱ्याच्या हद्दीची खूण सरकवू नये, असं अनुवादाच्या १९व्या अध्यायात स्वच्छ लिहिलं आहे. ते वचन थोरल्याला कोणी वाचून दाखवलं नव्हतं. शांती नसताना शांती आहे म्हणून सांगणाऱ्यांवर यिर्मया संदेष्टा संतापला होता, त्याची मला तेव्हा फार आठवण आली.

शेवटी पंचांनी दोघांना सरकारी मोजणीचा अर्ज करायला लावला. फी दोघांनी निम्मी-निम्मी भरली. मोजणी झाली, खुणा पडल्या, हद्दीचे दगड रोवले. थोरल्याकडे काही गुंठे जास्त निघाले. ते त्याने सोडले. पण इतक्या वर्षांच्या पिकाचं काय, हा प्रश्न आम्हीच काढला. जकातदार जक्कयाने येशूसमोर चौपट परतफेड कबूल केली होती. थोरल्याने चौपट दिलं नाही, मात्र धाकट्याच्या विहिरीच्या कामाला पैसे घातले. दोघं लगेच एका पंगतीला बसले असं नाही. बोलणं पुढच्या हंगामात सुरू झालं, तेही पाण्याच्या पाळीवरून. धाकट्याने क्षमा केली ती त्यानंतर, आपणहून. तोवर आम्हा पंचांपैकी कोणी ती मागितली नाही.

४. हळदीवरून मंडळी फोडू नये.

ख्रिस्ती लग्नात हळद लावावी का, मंगळसूत्र असावं का, यावरून नातेवाईक अबोला धरतात. रोमच्या मंडळीत मांस खावं की भाजीपाला, यावर तट पडले होते. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १४व्या अध्यायात त्या भांडणाला त्याची पायरी दाखवली. ज्यात कोणाचा हक्क बुडत नाही, कोणाचा अपमान होत नाही, तिथे मी माझं मत खुशाल मागे घेतो. देशी रीत म्हणून ती टाकलीच पाहिजे असंही नाही: कवी नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत रुजवलं. त्यांची गीतं नसती तर आमची रविवारची उपासना किती उणी झाली असती!

५. जातीबद्दल गप्प राहणं म्हणजे शांती नव्हे.

स्थळ पाहताना 'मूळचे कोण?' हा प्रश्न आमच्यातही हळूच विचारला जातो. विषय उघड काढला की म्हणतात, 'जुनं उकरू नका, मंडळीत फूट पडेल.' फूट आहेच, ती फक्त बोलली जात नाही. त्याच टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. सोवळंओवळं टाकून कोणाच्याही हातचं खायचं, हा निश्चय त्यांनी त्याआधीच केला होता. कर्मठ घरात वाढलेल्या त्या बाईंना ते बाप्तिस्म्याआधी जमलं. आमच्या तर पिढ्या मंडळीत गेल्या.

लग्नाच्या बोलणीला मला नेणार असतील तर मी घरच्यांना आधीच सांगून ठेवतो, की जातीचा प्रश्न निघाला तर मी तिथल्या तिथे हरकत घेईन. काही घरांनी मला नेणं बंद केलंय. एका मुलीने मात्र वडिलांना सांगून मला मुद्दाम बोलावून घेतलं.