वाळवंट होणार, या बातमीवर किती विश्वास ठेवावा?

प्रश्न : मराठवाड्याचं कायमचं वाळवंट होणार, असं बातम्यांत ऐकते. एप्रिलात आमचीही विहीर तळ गाठते. जमीन विकावी का?
– एक वाचक, वरंध (ता. महाड)

उत्तर : ताई, घाबरू नका. एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्याच वर्षी सप्टेंबरात तिथे धो धो पाऊस पडला. दुष्काळ पुन्हा येईल, पण ‘कायमचा’ हे एका उन्हाळ्यावरून ठरत नाही. तुमच्याकडे कोकणात तर पाऊस उदंड. तो कातळात फारसा न मुरता उतारावरून सावित्री नदीकडे धावतो. पाऊस सरताच, ओढा वाहता असतानाच, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घाला. उन्हाळ्यात विहिरीतला गाळ काढा. कर्ज काढून बोअर मात्र मारू नका. आधी भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा सल्ला घ्या. जमीन राखा.