बालनायकाचे स्वावलंबन आणि मित्रसाहाय्य : फास्टर फेणे व हॅरी पॉटर

किशोरसाहित्यातील नायकाचे मूल्यमापन करताना तो स्वबळावर संकटातून सुटतो किंवा नाही, हा निकष पुष्कळदा गृहीत धरला जातो. या निकषाने भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांचा फास्टर फेणे स्वावलंबी, तर जे. के. रोलिंग यांचा हॅरी पॉटर परावलंबी ठरतो. हा निर्णय कितपत ग्राह्य आहे, हे प्रस्तुत लेखात तपासावयाचे आहे.

फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकतो. सुभाष देसाईसारखे मित्र त्याच्या सोबतीला असतात. परंतु कथेचा वेग बनेशच्या चपळाईवर आणि प्रसंगावधानावर अवलंबून असतो. मालिकेतील प्रत्येक साहस स्वयंपूर्ण आहे आणि नायक शाळकरीच राहतो. त्यामुळे स्वावलंबन हा त्याचा आरंभापासूनचा स्वभावगुण आहे, विकासाचे फलित नव्हे.

अद्भुतकथेची घडण याहून निराळी असते. व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ मध्ये रशियन अद्भुतकथांचे विश्लेषण करताना 'दाता' आणि 'साहाय्यक' या स्वतंत्र भूमिका मानल्या. दाता नायकाची परीक्षा घेतो आणि नायकाच्या वर्तनानुसार त्याला साहाय्य लाभते. अर्थात साहाय्य हे नायकाचे उणेपण नसून त्याच्या योग्यतेची पावती असते.

'हॅरी पॉटर आणि परीस' (मूळ इंग्रजी १९९७) या पहिल्या भागात हॅरी आणि रॉन राक्षसी ट्रोलपासून हर्मायनीला वाचवतात आणि तेथूनच तिघांची मैत्री जुळते. पुढे परिसाकडे जाताना बुद्धिबळाचा डाव रॉन आत्मत्यागाने जिंकतो, तर विषारी द्रवांचे कोडे हर्मायनी सोडवते. अखेरच्या दालनात मात्र हॅरी एकटाच पोहोचतो. येथे साहाय्य नायकाला निर्णायक क्षणापर्यंत आणते. त्या क्षणीचा निर्णय ते घेत नाही.

शेवटच्या भागात (२००७) या संबंधाची कसोटी लागते. रॉन साथ सोडून जातो आणि परतून गोठलेल्या तळ्यात बुडणाऱ्या हॅरीचे प्राण वाचवतो. मृत्यूला सामोरे जाण्यासाठी अरण्यात निघालेला हॅरी रॉन व हर्मायनी यांचा निरोपही घेत नाही. तरीही नागिणीला मारण्याचे उरलेले काम तो नेव्हिलवर सोपवून जातो, आणि ते नेव्हिलच पुरे करतो. स्वावलंबनाच्या या परमोच्च क्षणीच मित्रांवरील विश्वास सर्वाधिक असतो, हे लक्षणीय होय.

सारांश, फास्टर फेणेचे एकाकी धाडस आणि हॅरीचे मित्रसापेक्ष धैर्य यांत श्रेष्ठकनिष्ठ ठरवणे अप्रस्तुत आहे. काळ थांबलेल्या साहसमालिकेत स्वावलंबन हा गुण असतो. काळ पुढे सरकणाऱ्या महाकथेत ते अर्जित करावे लागते. साहाय्य केव्हा घ्यावे, एकट्याने केव्हा जावे आणि आपले कार्य कोणावर सोपवावे, हा विवेक हीच तेथे प्रौढत्वाची खूण ठरते. किशोरकादंबरीच्या अध्यापनात 'नायक एकटा होता काय?' याऐवजी 'साहाय्य त्याने कसे मिळवले आणि त्याचे काय केले?' असा प्रश्न विचारणे म्हणून अधिक फलदायी ठरेल.