पायाच्या मुंग्या

‘पायाला मुंग्या आल्या’ असे आपण सहज म्हणतो. पाय झटकला की त्या जातात. माझ्या डाव्या पायाच्या मात्र दिवाळीपासून पुरत्या गेलेल्या नाहीत. त्यांच्यामुळे जो थोडा अभ्यास घडला, तो येथे मांडीत आहे.

सुट्टीत आठ दिवस कांद्याची खुरपणी केली. दिवसभर उकिडवे बसणे. नवव्या दिवशी नडगीची बाहेरची बाजू व पावलाचा वरचा भाग बधिर झाला. अंगठा उचलेना, चालताना ठेचा लागू लागल्या. आईचा चेहरा उतरला. रोगाचे नाव तिने घेतले नाही. ‘कुणाला सांगू नको,’ एवढेच म्हणाली. मी दोन महिने गप्प राहिलो.

अखेर दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून कापसाने व टाचणीने पाय तपासला. अंगावर चट्टा नव्हता, मज्जातंतू जाडही झालेला नव्हता. तो कुष्ठरोग नव्हता.

मग काय होते? पायाच्या मोठ्या मज्जातंतूची एक शाखा, पेरोनियल, गुडघ्याखाली बाहेरून बारीक हाडाला वळसा घालून पुढे येते. तेथे तिच्यावर कातडीखेरीज फारसे आवरण नाही. फार वेळ उकिडवे बसल्यास ती दाबली जाते, रक्तपुरवठा घटतो, संदेश अडतात. दुखावलेला मज्जातंतू आपोआपच भलते संदेश धाडतो. त्यांनाच आपण मुंग्या म्हणतो. तो सावरण्यास आठवडे, कधी महिने लागतात.

आणि समजा, कुष्ठरोगच असता तर? हान्सेनने त्याचा जंतू 1873 साली शोधला. 1981 साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. सरकारी दवाखान्यात ही औषधे मोफत मिळतात व रोग बरा होतो. उशिराने मात्र बधिरपणा व व्यंग कायमचे राहू शकते. म्हणजे माझे दोन महिन्यांचे मौन रोगाहून घातक ठरले असते.

आता अंगठा उचलतो. मुंग्या आहेत, पण त्यांची भीती नाही. पायावर पाय टाकून बसत नाही. खुरपताना मधूनमधून उठतो. आईलाही तसे सांगितले. ती म्हणाली, ‘रोजानं गेलेल्या बाईला कोण उठू देतं? आमच्या पायाला मुंग्या कधीच्याच आहेत.’

या उत्तरापुढे माझा अभ्यास अपुरा पडला. पुढच्या सुट्टीत तिला दवाखान्यात नेणार आहे.