समग्राकडून अंशाकडे : विद्यार्थ्यांच्या यंत्रमानव-रचनेतील ‘टॉप-डाउन’ आरेखन

पाणिनीच्या अष्टाध्यायीत तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी प्रत्ययाचा जो अधिकार सुरू होतो, तो पाचव्या अध्यायाच्या अखेरपर्यंत चालतो. मधल्या सूत्रांत तो शब्द पुन्हा उच्चारावा लागत नाही. वरून आलेला तो खाली सर्वत्र गृहीत असतो. यंत्ररचनेत ‘टॉप-डाउन’ म्हणून ओळखली जाणारी संगणकीय आरेखनाची पद्धती अशाच तत्त्वावर उभी आहे, असे म्हटल्यास साहित्याच्या अभ्यासकास तिचे मर्म लवकर उमगेल. साम्य मात्र तेवढ्यापुरतेच. ते ताणण्यात अर्थ नाही.

या पद्धतीची कसोटी जेथे विशेष लागते असे एक क्षेत्र म्हणजे अमेरिकेत डीन केमन यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या ‘फर्स्ट’ या संस्थेची शालेय विद्यार्थ्यांसाठीची यंत्रमानव-स्पर्धा. ती १९९२ पासून भरते. दर जानेवारीत नवा खेळ जाहीर होतो आणि काही आठवड्यांत यंत्र उभे करावे लागते. २०१९ पर्यंत तर ठरलेल्या दिवशी ते पिशवीत घालून मोहरबंद करावे लागे. २०२० च्या हंगामापासून हा नियम उठला, पण घाई उठली नाही.

नवशिक्या संघाची रीत बहुधा उलटी असते. एक विद्यार्थी चौकट काढतो, दुसरा हात, तिसरा दंतचक्रांची पेटी; शेवटी सारे जोडू पाहतात, तेव्हा भोकास भोक मिळत नाही. दोष कोणा एकाचा नसतो. प्रत्येकाने आपल्यापुरते बरोबरच काढलेले असते. परंतु परस्परांविषयीची गृहीतके कोठेच लिहिलेली नसतात.

‘टॉप-डाउन’ पद्धतीत ही गृहीतके आधी, एकाच ठिकाणी लिहिली जातात. त्या मूळ रेखाटनास ‘मास्टर स्केच’ म्हणतात. त्यात सुटे भाग नसतात. असतात त्या केवळ रेषा, वर्तुळे आणि मापे. उदाहरणार्थ, २०२३ च्या खेळात चौकटीची परिमिती १२० इंचांच्या आत, यंत्राची उंची ७८ इंचांच्या आत, आणि हाताची चौकटीबाहेरची पोच ४८ इंचांच्या आत ठेवणे बंधनकारक होते. बाजूने पाहिलेल्या रेखाटनात जमिनीची रेषा, चाकांची केंद्रे, हाताचा कीलबिंदू आणि हाताच्या दोन टोकांच्या अवस्था, मिटलेली व पसरलेली, एवढे काढले की हात बसतो की नाही हे धातू कापण्यापूर्वीच कळते. वरून पाहिलेले रेखाटन निराळे ठेवतात. यामागे हेतू आहे. त्या वर्षी खेळाच्या अखेरीस तीन यंत्रांनी एकाच डुलत्या फलाटावर तोल साधायचा असे. त्यामुळे चौकट अरुंद करण्याचा विचार मध्येच सुचणे स्वाभाविक होते. रुंदी ३० ऐवजी २६ इंच केली, तर आडव्या नळ्या, रूळ व आस आपोआप आखडतात. बाजूच्या रेखाटनातला हात मात्र जागचा हलत नाही.

दंतचक्रांचे उदाहरण याहून लहान, पण अधिक बोधक आहे. या स्पर्धेत व्यासाच्या दर इंचामागे २० दात हे प्रमाण रूढ आहे. ५४ व ३० दातांच्या जोडीत केंद्रांतर म्हणजे दातांच्या बेरजेला ४० ने भागून येणारे २.१ इंच. वेग वाढवण्यासाठी ५० व ३४ दात घेतले तरी बेरीज ८४ च राहते, म्हणून पेटीचे पत्रे तसेच चालतात. ६० व ३० घेतले की अंतर २.२५ होते, आणि हे अंतर मूळ रेखाटनात सूत्ररूपाने दिलेले असेल तरच भोके स्वतःहून सरकतात.

ही कल्पना अगदी नवी नाही. आयव्हन सदरलंड यांनी १९६३ मध्ये एम.आय.टी. येथे सादर केलेल्या ‘स्केचपॅड’ या प्रणालीतच मूळ आकृती बदलली की तिच्या प्रती बदलत असत.

पद्धतीच्या अतिरेकाचे तोटेही आहेत. मोटारी, बेअरिंगे, साखळ्या या बाजारातून आणलेल्या वस्तू. त्यांची मापे कोणाच्या आज्ञेने बदलत नाहीत, त्यांना आराखड्यानेच जागा करून द्यावी लागते. म्हणजे शुद्ध ‘टॉप-डाउन’ असे काही नसतेच. दुसरे असे, की उतावळा विद्यार्थी मूळ रेखाटनाचा आधार घेण्याऐवजी शेजारच्या भागाच्या कडेचा आधार घेतो. ती कड पुढे कोणी गोल केली, की तिच्यावर टेकलेले चार भाग एकदम कोसळतात. आधार नेहमी वरचा घ्यावा, शेजारचा नव्हे, हा नियम शिकवायला सर्वांत अवघड जातो. मूळ रेखाटन एकाच्याच हाती राहिले, तर उरलेले विद्यार्थी केवळ नकलनवीस होतात, ही तक्रारही रास्त आहे. चार-पाच जणांच्या नवख्या संघाने पहिल्या वर्षी सुटे भाग सुटेच काढले तर बिघडत नाही.

खरी अडचण पुढच्या वर्षी येते. रेखाटन करणारा विद्यार्थी शाळा सोडून गेलेला असतो, आणि मागे उरतात ‘रेखाटन १’ पासून ‘रेखाटन ४७’ पर्यंतची नावे. कोणती रेषा कीलबिंदूची, कोणती नुसतीच चाचपणीची, हे सांगणारे कोणी नसते. म्हणून जाणते संघ प्रत्येक मापास अर्थपूर्ण नाव देतात : ‘चौकटीची रुंदी’, ‘मिटलेल्या हाताचा कोन’. हे काम कंटाळवाणे असते, आणि घाईच्या आठवड्यांत सर्वांत आधी तेच मागे पडते.