इहीर, येळ आणि वढा

मी आण्याचा. जुन्नर तालुक्याचं पूर्वेकडचं टोक. रंगदास स्वामींच्या यात्रेतली आमटी-भाकरी ज्यांनी खाल्ली आहे, त्यांना गाव वेगळं सांगायला नको.

फर्स्ट इयरला प्रेझेंटेशन देताना तोंडून 'इहीर' गेलं आणि वर्ग हसला. त्यानंतर बरेच दिवस आजीचा फोन आला की मी पार जिन्यापाशी जाऊन बोलायचो.

मित्रहो, भाषेचे शौकीन आपल्या हॉस्टेलमध्येही पुष्कळ आहेत. कोणी मेसच्या बोर्डावरचे ऱ्हस्व-दीर्घ तपासतो, कोणी रात्री दोनला 'शब्द म्हणजे काय' यावर वाद घालतो. भाषाविज्ञान मात्र आधी विचारतं, लोक प्रत्यक्षात बोलतात कसं? आपण इंजिनिअर, तेव्हा डेटापासून सुरुवात करू.

आमच्याकडे विहीर म्हणजे इहीर, विळा म्हणजे इळा, वेळ म्हणजे येळ. पण वाडा वाडाच राहतो आणि वारा वाराच. हा नुसता जिभेचा आळस असता, तर वाड्याचा 'आडा' झाला असता. तो होत नाही. म्हणजे शब्दाच्या सुरुवातीचा 'व' बदलतो, तो पुढे इ किंवा ए असेल तेव्हाच. इ, ए म्हणताना जीभ पुढे टाळूकडे जाते. 'य' तिथलाच, 'व' मात्र ओठांचा. आता उलट बाजू पाहा. ओढा म्हणजे वढा, ओझं म्हणजे वझं, ओळख म्हणजे वळख. ओ म्हणताना ओठ गोल होतात, म्हणून इथे 'व' येतो!

नियम खरा असेल तर त्यावरून न ऐकलेला शब्दही सांगता यायला हवा. मी 'वेल' निवडला. आजीला मुद्दाम शब्द न सांगता विचारलं, "आजी, भोपळा कशाला लागतो गं?" ती म्हणाली, "येलाला. एवढं शिकून हे इचारतोस व्हय?" एका वाक्यात येल, इचारतोस आणि व्हय. प्रयोग यशस्वी!

आता हसणाऱ्यांनी 'माझा' आणि 'माझी' मोठ्याने म्हणून पाहावं. दोन्हींतला 'झ' वेगळा आहे. 'चमचा' आणि 'चमचे' यांतला शेवटचा 'च'सुद्धा. कारण तेच, पुढचे इ आणि ए. प्रमाण मराठीही न शिकवता असेच नियम पाळते. फरक एवढाच की तिचे नियम पुस्तकात गेले.

मग बरोबर कोणतं? इथे विज्ञान थांबतं आणि तत्त्वज्ञान सुरू होतं. पतंजलीने महाभाष्यात म्हटलं आहे की घडा हवा तर माणूस कुंभाराकडे जातो, पण शब्द हवेत म्हणून वैयाकरणाकडे कोणी जात नाही. शब्द लोकांकडूनच येतात. त्याच पतंजलीने 'गौः' या एका शब्दाचे गावी, गोणी, गोता असे अपभ्रंशही मोजले. अर्थ दोन्हींनी कळतो, पण पुण्य शुद्ध शब्दाने, असं त्याचं मत.

गंमत अशी की आमच्याच तालुक्याच्या पश्चिम टोकाला नाणेघाटात सातवाहनांचा दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांतल्या दानांचे आकडेसुद्धा त्यात कोरले आहेत. तो लेख संस्कृतात नाही, प्राकृतात आहे. म्हणजे वैयाकरणांच्या कसोटीला न उतरणारी भाषा राजघराण्याने दगडावर कोरली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तो याच प्राकृताचा वारसा सांगून.

जर्नलमध्ये मी आजही 'विहीर'च लिहितो. सगळ्यांना एकसारखं वाचता यावं म्हणून प्रमाणभाषा हवीच, जसा नट-बोल्टला स्टँडर्ड आटा लागतो. पण आजीचा फोन आता रूममध्येच घेतो. पार्टनर विदर्भातला आहे. तो हल्ली वही घेऊन बसतो आणि त्याच्या गावचे शब्द माझ्या शब्दांसमोर लिहितो. तुमच्या गावचे दहा शब्द असतील तर रूमवर या. चहा आमच्याकडून.